माहेरची वाटी

बायजाआक्कांबरोबर प्रवासाला निघायचं तर गाडी चुकायची तयारी ठेवूनच निघावं लागे. देवदर्शन त्यांचं चटकन उरकायचं. हात जोडले, कपाळ टेकलं, झालं. "देवाकडं काय, रोज माणसं येत्यात," म्हणायच्या. खरं काम देवळाच्या बाहेर. पायात वहाणा सरकवल्या की समोर जी पहिली बाई दिसेल तिचा हात धरून विचारायच्या, "काय वो बाई, हितल्या बायका अंगावर काय घालत्यात?" काशीला हेच, रामेश्वरला हेच. समोरचीला मराठी कळतं की नाही हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही. आपल्या गळ्याला, कानाला, मनगटाला बोट लावून दाखवायच्या, आणि नवल म्हणजे त्या बाईला बरोबर समजायचं. दोघी हसत हसत कुठल्यातरी बोळात शिरायच्या आणि इकडे अख्खी गाडी खोळंबून बसायची.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. मी फलटणहून बारामतीला मुलींच्या शाळेत नोकरीला आले होते आणि जळोचीला आक्कांच्या घरातल्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. घरापुढं ओटा, ओट्यापुढं एक बाभळ, आणि बाभळीपलीकडं नजर जाईल तिथवर ऊस. आक्कांचे मालक म्हणजे आबा. तरुणपणी मेंढरं घेऊन पार घाटाखाली जाऊन आलेला माणूस. पुढं मेंढरं विकली, विहीर काढली आणि शेतीत पाय रोवले. पण चालणं मात्र मेंढरामागचंच राहिलं होतं, लांब लांब ढांगांचं. आबा बोलायचे कमी. तंबाखू मळता मळता हात थांबला की समजायचं, काहीतरी बिनसलंय. मी तशी भित्रीच. तो हात थांबला की मी माझ्या खोलीत सटकायची.

आक्का बरोबर उलट. उंच, काटक, नऊवारीचा ओचा घट्ट खोचलेला आणि पायात आबांच्या जुन्या पुरुषी वहाणा. आवाज तर असा की त्यांचं कानगोष्ट सांगणं शेजारच्या वस्तीवर ऐकू जावं. सकाळी गाईला दम द्यायच्या तो मला अंथरुणात कळायचा. "मास्तरीणबाई, ऊन वर आलं, शाळेतल्या पोरी काय वाळत घालून ठेवल्यात का?" हा माझा गजर. असली बोलघेवडी बाई तोंडाला कुलूप लावून बसेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

त्यांच्या खरेदीचे दोन नियम होते. एक म्हणजे वस्तू डोळ्यांदेखत घडली पाहिजे. काचेच्या कपाटातलं, मखमलीवर मांडलेलं त्यांना चालत नसे. "कुनी केलं, कसं केलं, रडत केलं का हासत केलं, काय ठावं?" म्हणायच्या. दुसरा नियम मला फार दिवस कळला नव्हता. आणलेली वस्तू त्या आधी स्वतः एक दिवस अंगावर वागवायच्या. मग ती त्यांना शोभो न शोभो. "अंगाला लागू दे," एवढंच म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी ती वस्तू बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात जायची आणि परत कधी दिसायची नाही.

एका मे महिन्यात आम्ही बायकांनी मिळून ज्योतिबा-कोल्हापूरची सहल काढली. तिथून फिरता फिरता हुपरीला गाडी चहाला थांबली आणि आक्का गायब! ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून गाव डोक्यावर घेतलं. बायका घाबरल्या. कुणी विहिरी बघा म्हणतंय, कुणी पोलीस. मी गल्लीगल्लीतून "आक्का! आक्का!" करत पळतेय. शेवटी एका घराच्या उंबऱ्यावर मांडी ठोकून बसलेल्या दिसल्या. आत एक कारागीर चांदीच्या पैंजणांना एकेक घुंगरू लावत होता आणि आक्का त्याच्या हाताकडं अशा बघत होत्या की जणू पोळी करपेल.

"आक्का, गाडी सुटेल!"

"सुटू द्या. अजून चार घुंगरं ऱ्हायल्यात."

"अहो पण ड्रायव्हर शिव्या देतोय."

"देऊ द्या, त्यानं घुंगरं लवकर बसत न्हाईत," म्हणाल्या आणि हलल्या नाहीत. ते पैंजण पायात घालूनच त्या गाडीत चढल्या. पन्नाशीची बाई, पायात पुरुषी वहाणा, आणि वर छुमछुम. सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. "आक्का, आबांना नाचून दाखवनार व्हय?" आक्काही हसल्या. पण मी शेजारीच बसले होते. पुढं सगळ्यांना डुलकी लागली तेव्हा त्या पैंजणांवरून बोट फिरवत होत्या, आणि चेहरा असा उतरलेला की मी उगीचच खिडकीबाहेर बघत बसले.

त्याच पावसाळ्यात माझ्या आईची बोरमाळ तुटली. मणी गोळा करून मी रुमालात बांधून ठेवले. आक्का म्हणाल्या, "हितं सराफाकडं नगा देऊ. उद्या निमगावचा बाजार. माझ्याबरुबर चला, तितं मैना हाय."

मैनाबाई पटवेकरीण. मणी, गळ्यातल्या पोती, मंगळसूत्रं ओवून गाठवून देणं हा तिचा धंदा. निमगाव केतकीच्या बाजारात एका कोपऱ्याला फडकं बांधून, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून ती बसायची. आम्ही इंदापूरच्या गाडीत चढलो. आक्का कंडक्टरला मोठ्यानं म्हणाल्या, "दोन निमगाव द्या." त्यानंतर वाटभर एक अक्षर नाही. मला वाटलं, गाडी लागत असेल.

मैनाबाईच्या पुढ्यात आणखी एक मुलगी बसली होती, रस्त्याकडं पाठ करून. ती एका ताटलीतले काळे मणी निवडत होती. आक्का तिच्याकडं न बघता बसल्या. गळ्यात त्यांनी त्या दिवशी रामेश्वरची शिंपल्यांची माळ घातली होती.

"मैने, खोकला कसा हाय तुजा?" आक्कांनी विचारलं.

मैनाबाईला खोकला बिकला काही नव्हता. ती आपली माझे मणी मोजत होती. उत्तर आलं ते पाठमोऱ्या मुलीकडून, खाली मान घालून, "आता कमी आहे."

"आन घरी सासू?"

"चांगल्या आहेत. मला मागं लागून दूध प्यायला लावतात."

"मालक इंदापूरला रोज जा-ये करत्यात का, मैने?"

"हो. शाळा सकाळची झालीय आता."

मी वेड्यासारखी एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होते. एवढ्यात मागून आवाज आला, "आक्का, तुमी हितं व्हय?" जळोचीचाच एक भावकीतला माणूस, खांद्यावर पोतं घेऊन उभा. मुलीची मान ताटलीत गेली. मैनाबाईच्या अंगठ्यावरचा दोरा ताणून राहिला. आक्का सावकाश वळल्या.

"व्हय. बाईंची बोरमाळ तुटलीया. दाखवा वो बाई, ह्यांना दाखवा."

मी रुमाल दाखवला. तो माणूस "बरं बरं" म्हणून निघून गेला. मग आक्कांनी गळ्यातली शिंपल्यांची माळ काढून मैनाबाईच्या पुढ्यात ठेवली. "सैल झालीया. गाठवून ठीव," म्हणाल्या. माळ अजिबात सैल नव्हती. आम्ही उठलो तेव्हा मी वळून बघितलं. मुलीनं ती माळ उचलली होती आणि गालाला लावली होती. तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र तेव्हा मला दिसलं. काळ्या मण्यांच्या सरात एकच सोन्याची वाटी. शेजारची जागा मोकळी.

आपल्याकडं मंगळसूत्राला दोन वाट्या असतात, एक सासरची, एक माहेरची. एकाच वाटीचं मंगळसूत्र घालून फिरणाऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही. बघणाऱ्याला सगळं कळतं.

गाडीतून उतरून घराकडं चालताना आक्कांनी सांगितलं. ती मुलगी म्हणजे कमल, त्यांची एकुलती एक लेक. बारामतीला कॉलेजात शिकताना निमगावचा मिलिंद तिच्या वर्गात होता. बौद्धाचा मुलगा, हुशार, पुढं मास्तर झाला. कमलनं घरी सरळ सांगितलं की मी याच्याशीच लग्न करणार, आणि केलं. आबांनी घरात आकांत केला नाही. ते आक्कांना घेऊन बिरोबाच्या देवळात गेले आणि देवापुढचा भंडारा त्यांच्या हातात दिला. आमच्याकडं देवाची हळद हातात घेऊन शपथ घेतली की ती मोडायची म्हणजे कुळावर संकट, असं मानतात. आक्कांनी भंडारा उचलून शपथ घेतली की कमळीशी बोलणार नाही, आणि तिच्या घराची पायरी चढणार नाही.

"मग तुम्ही घेतलीत कशाला शपथ?" मी चिडूनच विचारलं. मला आबांचा असा राग आला होता की सांगता सोय नाही.

"त्या टायमाला मीबी रागात हुते, बाई. खोटं कशाला बोलू?" आक्का म्हणाल्या. "राग म्हैन्यात गेला. भंडारा जातुया व्हय?"

म्हणून हे सगळं. गावोगावचं लेणं आणायचं, एक दिवस आपल्या अंगावर वागवायचं, म्हणजे पोरीकडं जाताना ते दुकानातलं राहत नाही, आईच्या अंगावरचं होतं. आणि मग बाजारात मैनाबाईकडं ठेवायचं. काशीचे काचमणी, हुपरीचे पैंजण, सगळं असंच गेलं होतं.

"आणि वाटी? ती पण मैनाबाईकडून द्यायची की."

"न्हाय घेत. म्हनली, बाकीचं घेते, वाटी चोरून घ्यायची न्हाय. माहेरची वाटी माहेरानं चारचौघांत द्यावी, न्हायतर जागा मोकळी ऱ्हाऊ दे." आक्कांनी पदरानं नाक पुसलं. "सासूबी तसलीच. दुसरी वाटी घालाय त्यांना काय जड हुतं? पर म्हनली, ती जागा तिच्या आईची हाय, आमी न्हाय भरायची. सांगा आता, आसल्या मानसांच्या घराची पायरी मी चढायची न्हाय!"

त्यानंतर मी बऱ्याच वेळा त्यांच्याबरोबर गेले. माझी बोरमाळ अधूनमधून तुटायला लागली. दर वेळी कुणी ओळखीचं दिसेल का म्हणून मी रस्त्याकडं बघत बसायची, आणि दर वेळी मैनाबाईच्या गुडघ्यांची, सासूची, स्वयंपाकाची चौकशी व्हायची. एकदा तर आक्का मैनाबाईवर भयंकर रागावल्या. "इतकी वाळली कशापायी? जेवत न्हाईस का? का वजन कमी करायचं खूळ शिरलंय?" बिचारी मैनाबाई चांगली गोल गरगरीत. पाठमोरी कमल खांदे हलवून हसत होती, आणि हसता हसता रडत होती, हे मला तिच्या कानांच्या लाल पाळ्यांवरून कळलं.

दसऱ्याला आबांच्या बहीण हौसाबाई आल्या, बरोबर नवी सून. आबांना तो पत्र्याचा डबा म्हणजे भूषण वाटायचं. आपल्या जिवावर बायको काशी-रामेश्वर करते आणि तिथलं लेणं आणते, हे ते चारचौघांत सांगायचे. आपट्याची पानं देऊन झाली, जेवणं झाली, मी शेवयांची वाटी घेऊन ओट्याच्या कडेला बसले होते. हौसाबाई म्हणाल्या, "वैनी, काढा की डबा. सुनंला दावा तुमचं गावोगावचं."

"ऱ्हाऊ द्या वन्सं. मागनं बघू."

"मागनं कशाला? काढ," आबा म्हणाले.

आक्का जागच्या हलेनात. "चावी कुठं ठिवली काय म्हाईत," म्हणाल्या. पण त्या डब्याला कुलूपच नव्हतं. हौसाबाईंनी आत जाऊन फळीवरचा डबा काढला आणि येता येता हलवून बघितला. आवाजच आला नाही. ओट्यावर ठेवून झाकण उघडलं. आत नुसत्या पुड्या. ज्या ज्या कारागिरानं ज्या कापडात, ज्या कागदात बांधून दिलं होतं ते सगळं नीट घडी करून ठेवलेलं, आणि आत काही नाही.

आबांचा तंबाखू मळणारा हात थांबला.

"चोरी झाली," हौसाबाई म्हणाल्या. "दादा, घरात बाहेरचं मानूस कोन हाय?" आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. सुनेनं बघितलं. मग आबांनीही बघितलं. काही बोलायला जावं तर आक्का उघड्या पडणार, गप्प बसावं तर मी चोर ठरणार.

"बाईंकडं बघू नगा," आक्का म्हणाल्या. आवाज त्यांचा नव्हताच, इतका खालचा. "मी दिलं. जिच्यासाठी आनलं तिला दिलं."

आबा हळूहळू उभे राहिले. "भंडारा उचलला हुतास तू."

"व्हय, उचलला. आन पाळलाबी. पोरीशी बोलले न्हाय. तिच्या घराची पायरी चढले न्हाय. द्यायचं न्हाय आसं तुमी म्हनला नव्हता."

"बोलली न्हाईस?"

"इचारा बाईंस्नी."

आबांनी माझ्याकडं बघितलं. त्या माणसाशी मी तोवर भाड्याखेरीज चार वाक्यं बोलले नसेन. म्हटलं, "एक शब्दसुद्धा बोलल्या नाहीत, आबा. मी समोर होते. मला बघवत नव्हतं." शेवटचं वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं देव जाणे.

आबांनी डबा उचलला. मला वाटलं, आता भिरकावणार. पण त्यांनी झाकण दाबून बसवलं आणि डबा आत नेऊन फळीवर होता तिथं ठेवला. बाहेर येऊन म्हणाले, "आजपासनं निमगावचा बाजार बंद." आणि लांब लांब ढांगा टाकत उसाकडं निघून गेले.

त्या हिवाळ्यात आक्कांचा आवाज गेला. घसा बसला नव्हता, नुसता आवाज गेला. गाईलाही दम देईनात. मला सकाळी जाग यायची ती शांततेनं, आणि ती शांतता मला खायला उठायची. आबा आणि त्या शेजारी शेजारी बसून जेवायचे आणि भाकरी मोडल्याचा आवाज तेवढा यायचा.

जानेवारीत मैनाबाई मण्यांच्या खरेदीला बारामतीला आली ती सरळ माझ्या शाळेत. व्हरांड्यातच म्हणाली, "आक्कांना सांगा, कमळीला सातवा लागलाय. पयलं बाळंतपन, माहेराला न्यायला कोन येतंय का म्हनून पोरगी रस्त्याकडं बघत बसती."

आक्का सुपात ज्वारी निवडत होत्या. मी सांगितलं. त्यांचे हात चालूच राहिले, पण त्या खडे ज्वारीत टाकत होत्या आणि ज्वारी खाली.

बाजाराच्या दिवशी त्यांनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं आणि ओट्यावर आबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मला मुद्दाम शेजारी उभं केलं होतं. "कमळीला सातवा लागलाय. मी निमगावला निघाले. सांगून निघाले, चोरून न्हाय. भंडारा मोडनार न्हाय."

"गेलीस तर..." आबा म्हणाले. पुढचं वाक्य आलं नाही. आम्ही बाभळीपर्यंत गेलो, रस्त्याला लागलो, तरी ते आलं नाही. गाडीत आक्का म्हणाल्या, "दोन निमगाव द्या," आणि माझा हात असा दाबला की माझ्या बांगड्या रुतल्या.

मैनाबाईच्या फडक्याखाली कमल बसलेली होती, नेहमीसारखी पाठ करून, पण आता तिला नीट बसताही येत नव्हतं. आक्कांनी ओच्यातून एक पिवळा दोरा काढला, मधोमध हळकुंड बांधलेला. तो स्वतःच्या गळ्यात बांधला. सवाष्णीनं क्षणभरही गळा मोकळा ठेवायचा नाही, म्हणून. मग मंगळसूत्र काढून मैनाबाईच्या पुढं ठेवलं.

"ह्यातली माझ्या माहेरची वाटी सोडव."

मैनाबाईनं हात मागं घेतले. "आक्का, खुळ्या का काय? मालक जितं असलेल्या बाईचं मी न्हाय सोडायची. माझ्या हातनं हे पाप नगं."

"तोडाय कोन सांगतंय? गाठ सोड. ही वाटी माझ्या आईनं घातल्याली हाय. हिच्यावर मालकाचा हक न्हाय आन भंडाऱ्याचाबी न्हाय."

बाजारात असल्या गोष्टीला वेळ लागत नाही. कांद्यावाल्या, बांगडीवाल्या, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका भोवती जमल्या. "काय झालं वो? मालक गेलं का?" कुणीतरी विचारलं. आक्का त्यांच्या सगळ्या उंचीनिशी उभ्या राहिल्या आणि त्यांचा तो हरवलेला आवाज परत आला. "मालक धडधाकट हायेत! लेकीला माहेरची वाटी घालाय आलीया मी! बघा समद्यांनी!"

कमल वळली. पहिल्यांदाच मी मायलेकींना समोरासमोर बघत होते. तोंडवळा एकच. "आई," ती म्हणाली. "आई, नको गं. तुझ्या गळ्यातली नको."

आक्कांचं तोंड उघडलं. ते आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढं झालं, शब्द ओठांपर्यंत आला आणि त्यांनी तो गिळला. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोला, आक्का, बोला एकदा, मरू दे तो भंडारा! त्या मैनाबाईकडं वळल्या. "मैने, तिला सांग. चारचौघांत दे म्हनली हुतीस, हे घे चारचौघांत. सांग तिला, माझा गळा आता जळोचीला समद्यांना दिसल. झाकनार न्हाय मी."

मैनाबाईनं रडत रडत गाठ सोडली. कमलनं आपलं मंगळसूत्र काढून दिलं. अंगठ्याला दोरा अडकवून मैनाबाईनं ती जुनी, झिजून पातळ झालेली वाटी सासरच्या वाटीशेजारी ओवली, आणि आक्कांच्या सरात मोकळ्या जागी काळे मणी भरायला गेली. आक्कांनी तिचा हात धरला. "भरू नगं. दिसू दे." कमल वाकायला गेली तर पोटामुळं वाकता येईना. आक्कांनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, गालांवरून, कपाळावरून, पोटावरून हात फिरवला. हात लावणार नाही, अशी शपथ घेतलेली नव्हती.

संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा आबा ओट्यावरच होते, सकाळी होते त्याच जागी. आक्कांनी पदर मागं सारला आणि समोर उभ्या राहिल्या. आबांनी गळ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान वळवून बाभळीकडं बघत बसले. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि आक्का वाढायच्या थांबल्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली साताऱ्याला झाली. कमल निमगावलाच बाळंत झाली होती, मुलगी झाली होती, हे मैनाबाईकडून कळलं होतं. मी सामान पुढं पाठवून बारामतीच्या स्टँडवर आले, तर इंदापूरच्या गाड्या लागतात तिथं आबा उभे. नवा पटका, हातात एक लहान पुरचुंडी. बाकावर आक्का. मला बघून लगबगीनं उठल्या आणि मला जरा बाजूला नेलं.

"दोन गाड्या सोडल्या मालकांनी," म्हणाल्या. "तिसरीला चढतील बघा."

"कुठं निघालात?" मी विचारलं, तरी माझे डोळे भरून आले होते.

"काल बिरोबाला जाऊन आलो. हे स्वोताहून म्हनले, मीच उचलाय लावला, मीच ठिवतो. माझ्या हातात भंडारा दिला आन माझा हात धरून देवाच्या पायावर ठिवला." आक्कांनी पुरचुंडीकडं बोट केलं. "नातीला वाळं केल्यात. सराफाच्या पुढ्यात सकाळपास्नं बसून हुते. म्हनले, डोळ्यांदेखत घडव. मी घरी हसून हसून पडले, बाई."

त्यांच्या गळ्यात अजून एकच वाटी होती. माझी नजर तिथं गेलेली त्यांना कळलं. "नवी करून देतो म्हनले. मी न्हाय म्हनले. लेक नातीला घेऊन माझ्या घरात आली की मग बघू." आणि एकदम त्यांनी माझा दंड धरला. चेहरा असा भेदरलेला मी हुपरीत गाडी सुटताना पण बघितला नव्हता. "बाई, इतकी वरसं मैनेशी बोलतीया. आता पोरीम्होरं गेल्यावर पयला शब्द काय बोलू? रातभर सुचलं न्हाय. तुमी शिकलेल्या हायसा, सांगा की."

मी त्यांना नुसती मिठी मारली. एवढ्यात गाडी लागली. गर्दी लोटली. आबा दारापाशी गेले, थबकले, मागं बघितलं. आक्का त्यांच्यामागं जाऊन उभ्या राहिल्या, अगदी जवळ, परत फिरायला जागा राहू नये अशा. आबा चढले.

मी खिडकीखाली उभी होते. कंडक्टर आला, "बोला, कुठं?" आबांनी आक्कांकडं बघितलं. मग सगळ्या स्टँडला ऐकू गेलं, "दोन निमगाव द्या!"

गाडी हलली. आबा पुरचुंडी मांडीवर धरून समोर बघत बसले होते. शेजारी आक्का, आणि त्यांचे ओठ हलत होते, थांबत होते, परत हलत होते. आबांशी त्या बोलत नव्हत्या.